अठ्ठेचाळीस वर्षं मी बी पॉझिटिव्ह होते

माझे गुडघे दुखतात हे मी डॉक्टरला कधी सांगितलं नाही. मेडिकलवाल्याला सांगितलं. नागपूरच्या नंदनवन भागात आमच्या कोपऱ्यावरचा तो माणूस मला काकू म्हणतो, हसून बोलतो आणि उलट काही विचारत नाही. असली माणसं मला जन्मभर आवडत आली. त्याची गुलाबी गोळी घेतली की तासाभरात मी जिना चढायला मोकळी. एकीच्या दोन झाल्या, कधी तीन. पाकीट पापडाच्या डब्यात, पापडांच्या खाली. घरच्यांना वाटायचं, निर्गुडीच्या तेलाचा गुण आहे. मीही मान हलवून तेलाची तारीफ करायची.

सहा महिने असे गेले. मग शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. ते मी पाण्याने धुतलं आणि विसरले. विसरण्यात मी पहिल्यापासून हुशार.

एका सकाळी चहाचा कप हातात होता. उठले, आणि ओकारी झाली ती वाटलेल्या कॉफीच्या भुकटीसारखी, तपकिरी. डोळ्यांपुढे भिंत वाकडी झाली. पुढचं आठवतं ते गाडीच्या मागच्या सीटवर, मुलाच्या मांडीवर डोकं. प्रशांत माझा एकुलता मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा, पण त्या दिवशी तो माझ्या कपाळावर हात ठेवून लहानपणीसारखा ओठ चावत होता. पुढे ड्रायव्हरशेजारी आमचे हे, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

साडेचार

डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेली, दोन दिवस झोपला नसावा असा चेहरा.

"आजी, अंगदुखीच्या गोळ्या घेता?"

"नाही जी."

"कधीच नाही?"

"कधीमधी."

"रोज किती?"

"दोन," मी म्हटलं. "तीनसुद्धा घेते."

प्रशांतने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्याकडे दहावीच्या निकालाला पाहिलं होतं.

पोटात जखम झाली होती आणि ती वाहत होती. हिमोग्लोबिन साडेचार. मला आकडे कळत नाहीत. मी सिस्टरला विचारलं, किती पाहिजे? ती म्हणाली, बारा असतं तर तुम्ही इथे नसता. दुर्बीण घालून जखम बंद करायची होती, पण अंगात रक्त नसताना दुर्बीण घालता येत नाही. आधी दोन पिशव्या रक्त, मग बाकीचं. जितका उशीर, तितका धोका. हे डॉक्टरने प्रशांतला बाजूला नेऊन सांगितलं, पण बाजू म्हणजे माझ्या पलंगापासून चार हात. मला सगळं ऐकू आलं.

फॉर्मवर रक्तगटाची जागा होती. प्रशांतने न विचारता लिहिलं, बी पॉझिटिव्ह. माझ्या लायसन्सवर तोच, ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डावर तोच. सिस्टरने जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढलं, त्यावर माझं नाव लिहिलं आणि ती गेली. मी सुईकडे पाहिलं नाही. सदुसष्ट वर्षांची झाले तरी सुई दिसली की माझी मान आपोआप वळते.

जन्माची गिऱ्हाईकं

शेजारच्या पलंगावर रोशनी नावाची पोरगी होती. पंचवीस-सव्वीसची, भंडाऱ्याकडची, सिकलसेलवाली, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. तिच्या हाताला आधीच पिशवी लागलेली होती आणि ती दुसऱ्या हाताने मोबाइल पाहत होती, जशी आपण सीताबर्डीला बसची वाट पाहत उभे राहतो तशी.

"घाबरून राहिल्या का, आजी?"

"छट्. मी काहून घाबरू?"

"मंग चादर काहून मुठीत धरली?"

मी चादर सोडली.

तिने मला वॉर्ड समजावून सांगितला. "ते समोरच्या बाई दिसतात ना, त्यांची बाळंतीण सून खाली आहे. बाळंतिणी एक-दोन पिशव्या घेतात, पोरगं घेतात, घरी जातात. ॲक्सिडेंटवाल्याईले एकदम लागते, भसाभस. मंग तुमच्यासारख्या म्हाताऱ्या. चोरून गोळ्या खातात, मंग येतात."

"तुला कोणी सांगितलं मी चोरून खाते?"

"साऱ्याच चोरून खातात. मागच्या टायमाले तुमच्या पलंगावर होती तिनं तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या." मग स्वतःच्या पिशवीकडे बोट करून म्हणाली, "अन् आम्ही. आम्ही जन्माची गिऱ्हाईकं. मले किती चढलं, आता मायलेबी सांगता येणार नाही."

मला हसू आलं. हसल्यावर पोटात कळ आली आणि मला कळलं की मी घाबरले आहे.

गोंधळ

तासाभराने डॉक्टर परत आला. रक्तपेढीतून फोन होता. नळीतलं रक्त ओ निगेटिव्ह निघालं. फॉर्मवर बी पॉझिटिव्ह. नळी बदलली असेल, पुन्हा काढू.

पुन्हा मान वळवली, पुन्हा रक्त दिलं. या वेळी सिस्टरने माझ्या समोर, मला नाव विचारून, नळीवर लिहिलं. अर्ध्या तासाने तेच उत्तर. ओ निगेटिव्ह.

प्रशांतचा आवाज चढला. "डॉक्टर, मजाक चालू आहे का? माझ्या आईचा ग्रुप मले माहीत नाही? लायसन्स पाहा! खाली माझे पाच दोस्त उभे आहेत, सगळे बी पॉझिटिव्ह!"

"दोनदा तपासलंय, सर. मशीनवर आणि हातानेही."

"मशीन बिघडली असंन! उद्या चुकीचं रक्त चढवाल, मंग काय करू मी? मी सही नाही करत."

"सर, त्यांच्याकडे वेळ नाहीये. ओ निगेटिव्हची एकच पिशवी आहे, ती त्यांनी धरून ठेवली आहे."

"दुसऱ्या लॅबले पाठवा. मी स्वतः घेऊन जातो."

आमचे हे मध्ये पडले. निवृत्त कारकून, तहसील कचेरीत सारं आयुष्य कागद पाहण्यात गेलं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कागद खोटं बोलत नाही. लग्नाच्या आधीचं कार्ड आहे तिचं. कॉलेजातलं."

आणि मी छताकडे पाहत पडून राहिले.

कारण मला माहीत होतं.

कुमुदचं बोट

मी एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात रक्तगट तपासायला लोक आले होते. रांग लावा, बोट पुढे करा, टोचून घ्या, कार्ड घ्या. मी त्या काळी वर्गात सगळ्यांत धीट म्हणून प्रसिद्ध होते. मास्तरांना उलट बोलायची, सायकलवरून हात सोडून जायची, आणि माझ्या धिटाईचं मला फार कौतुक. पण सुई पाहिली आणि मी रांगेत दोघींना पुढे जाऊ दिलं. माघार घ्यावी तर नाक कापलं जाणार.

कुमुद माझी मैत्रीण. गरीब गाय. ती आधीच टोचून घेऊन आली होती. मी तिला कोपऱ्यात नेलं. म्हटलं, माझ्या नावाने परत जा. तपासणारा माणूस बोटं पाहत होता, चेहरे नाही. कुमुद गेली, वेणी खांद्यावर पुढे घेऊन, दुसरं बोट पुढे केलं. कार्ड मिळालं, त्यावर माझं नाव आणि तिचं रक्त.

माझा मूर्खपणा तिथेच थांबला नाही. बोटाला कापूस बांधला. टोचलंच नव्हतं, तरी दोन दिवस कापूस बांधून फिरले, आणि विचारेल त्याला सांगितलं, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं. कापूस बांधलेली ती पोरगी आज समोर आली तर मी तिच्या कानाखाली जाळ काढीन.

पुढे कुमुदचं लग्न झालं, ती दूर गेली. कार्ड राहिलं. कोणी गट विचारला की कार्ड पुढे. काही वर्षांनी मला स्वतःलाच वाटायला लागलं की मी बी पॉझिटिव्ह आहे.

आता बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य. पण समोर मुलगा होता, जो माझ्या धिटाईच्या गोष्टी ऐकत मोठा झाला. नवरा होता, जो आत्ताच माझ्या कागदाची शपथ घेऊन बसला होता. मी मनात म्हटलं, दुसरी लॅबही हेच सांगेल, आपोआप मिटेल, मला बोलावं लागणार नाही. मरायला टेकलेली बाई लाजत होती. हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. चांगली अर्ध्या तासाची लाज.

नाडी वाजत होती ती कानात ऐकू येत होती, पातेल्यावर झाकण थडथडावं तशी. परत एक ओकारी झाली. या वेळी तपकिरी नव्हती, लाल होती.

"प्रशांत," मी म्हटलं. "ते कार्ड माझं नाही."

"काय?"

"कुमुदनं बोट दिलं होतं. मी सुईले भेली होती."

मग शेजारच्या पलंगावरून रोशनी खुदकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"आई," प्रशांत म्हणाला, "तू काहून नाही सांगितलं?"

"आता सांगून राहिली ना. आण तो फॉर्म. सही मीच करते."

सही कशी केली देव जाणे. कोंबडीने पाय ओढल्यासारखी झाली. आमचे हे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

एकच पिशवी

सही घेऊन सिस्टर धावली आणि रिकाम्या हाताने परत आली. आपण नको म्हणत होतो त्या अर्ध्या तासात खाली बाळंतपणाच्या खोलीत एका बाईचा रक्तस्राव थांबेना. तिला ओ निगेटिव्ह लागलं. पिशवी तिला गेली.

ती पिशवी योग्य जागी गेली. पण मला आता काय, हे कोणी सांगेना.

प्रशांतने खालच्या पाचही दोस्तांना फोनवर बसवलं. डॉक्टर म्हणाला, अगदीच नाही मिळालं तर ओ पॉझिटिव्ह देऊन वेळ काढता येतो का, रक्तपेढीला विचारतो. ते विचारायला गेला आणि थोड्या वेळाने रक्तपेढीच्या मॅडम स्वतः वर आल्या. पन्नाशीच्या, डोळ्यांवर दोरी लावलेला चष्मा. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या उशाशी बसल्या. डॉक्टर बसला की मला भीती वाटते. उभा राहून बोलतो तोवर सगळं ठीक असतं.

"आजी, तुम्हाला आधी कधी रक्त चढवलंय?"

"नाही जी. खरंच नाही."

"बाळंतपणं किती?"

"दोन."

"दोन्ही मुलं आहेत?"

मी यांच्याकडे पाहिलं. खिडकीकडून आमचे हे म्हणाले, "दुसरी मुलगी होती. पाचव्या दिवशी गेली."

"काय झालं होतं?"

"पिवळी झाली होती," मी म्हटलं. "हळदीसारखी."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवरून काढला. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. माझ्या रक्तात पॉझिटिव्ह रक्ताशी लढणारं काहीतरी तयार होऊन बसलेलं आहे. म्हणून ओ पॉझिटिव्ह अजिबात द्यायचं नाही, दिलं तर माझं शरीर ते फोडून टाकेल. रक्त कधी चढवलेलं नसेल तर हे एकाच रस्त्याने येतं, बाळंतपणातून. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. दुसऱ्याला होऊ शकतं. पहिल्या बाळंतपणानंतर आईला एक इंजेक्शन देतात. गट माहीत असेल तर. माझ्या बाळंतपणाच्या कागदावर बी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं.

"तेच झालं होतं का?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांनी मी शपथेवर नाही सांगू शकत, आजी. पण शक्यता मोठी आहे."

त्या उठल्या, म्हणाल्या, "मी शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांना फोन लावते. तुम्ही पडून राहा." आणि जाता जाता माझी चादर सारखी केली.

मी मोठ्याने रडले नाही. त्याला रक्त लागतं.

मौद्याला, सासरी, ती मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आला. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली आहे, उजेडात काढू नको, दोन दिवस थांबू. आतल्या खोलीत ठेवलं. पाचव्या दिवशी नागपूरला न्यायला गाडी आली तेव्हा नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सासूबाईंच्या तोंडावर म्हटलं होतं, "तुम्ही माझी पोरगी खाल्ली." त्यानंतर त्या चोवीस वर्षं जगल्या. मी त्यांना जेवायला वाढलं, पाय दाबले, दवाखान्यात नेलं, पण ते वाक्य परत घेतलं नाही. प्रशांतलाही त्यांच्याजवळ कधी एकटं सोडलं नाही.

त्यांचं चुकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. लवकर आणली असती तर कदाचित. पण आग मी लावली होती आणि चोवीस वर्षं धुरासाठी त्यांना शिव्या घातल्या.

आमचे हे खिडकीतून मागे वळले. डोळे लाल. ते माझ्याशी चढ्या आवाजात कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही.

"मायले सांगायले पायजे होतं," ते म्हणाले. एवढंच. मग बाहेर बाकावर जाऊन बसले.

पंधरा मिनिटं

ऊन उतरायच्या आत दुसऱ्या रक्तपेढीतून एक पिशवी आली, आणि दोन तासांनी दुसरी, कोणा एकाने त्याच दुपारी येऊन दिलेली. तो कोण, मला कोणी सांगितलं नाही, सांगतही नाहीत. प्रशांतचे पाचही दोस्त रक्त देऊनच गेले. बी पॉझिटिव्ह काय फुकट जातं का, त्यातला एक म्हणाला.

दोन सिस्टर पलंगाशी उभ्या राहिल्या. एक पिशवीवरचा नंबर वाचे, दुसरी कागदावरचा. मग मला विचारलं, नाव? सांगितलं. वय? सांगितलं. रक्तगट?

"ओ निगेटिव्ह," मी म्हटलं. जीभ अडखळली.

पहिली पंधरा मिनिटं थेंब हळू सोडतात. काही बिघडायचं असेल तर तेव्हाच कळतं. सिस्टर हलली नाही. थंडी वाजते? पाठ दुखते? खाज? मी श्वास धरून नळीकडे पाहत होते. पहिल्यांदा मान वळवली नाही. लाल रेघ हळूहळू खाली आली, हातापाशी पोचली, आत गेली. मला वाटलं आता माझं अंग उठेल, म्हणेल, हेही तुझं नाही. घड्याळाचा काटा चिकटल्यासारखा झाला होता.

"आजी, श्वास घ्या," रोशनी म्हणाली. "नाही तं सिस्टर मले विचारतील, हिले काय केलं."

काही झालं नाही. सिस्टरने थेंब वाढवले. थोड्या वेळाने पायाची बोटं गरम झाली. सकाळपासून ती माझी नव्हतीच. प्रशांत पायथ्याशी बसून माझा अंगठा धरून होता.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून जखम बंद केली. आठव्या दिवशी घरी. पापडाच्या डब्यात आता फक्त पापड.

हे मी माझ्यासारख्या बायांसाठी लिहिते आहे. दवाखान्यात गेल्यावर दोनच गोष्टी सांगायला अवघड जातात, काय चोरून खाल्लं आणि कोणतं मूल गेलं. दोन्ही सांगा. नवऱ्यासमोर जमत नसेल तर त्याला चहा प्यायला पाठवा आणि मग सांगा. आणि जुन्या कार्डाची शपथ घेऊ नका; दवाखाना पुन्हा तपासतो म्हणाला तर तपासू द्या. तुमच्या कार्डामागे कोणती कुमुद उभी आहे, तुम्हाला काय माहीत.

मौदा

हिमोग्लोबिन नऊ झालं तेव्हा मी प्रशांतला म्हटलं, मला मौद्याला ने. तिथे माझी नणंद राहते, सुशीला, सासूबाईंची एकुलती लेक. यांनी यायला नकार दिला. म्हणाले, तूच जा, तूच सांग.

सुशीला अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं, कुमुदच्या बोटापासून. पूर्ण सांगितलं, कुठे हसवलं नाही. ती सोलत राहिली.

"मले काहून सांगता, वहिनी?" ती शेवटी म्हणाली. "मले तं ठाऊकच होतं, माय तशी नव्हती. जिले सांगाचं ती गेली."

"म्हणून तर तुला सांगते."

"मायनं मरेस्तोवर पिवळं नेसलं नाही. माहीत आहे का तुमाले?"

मला माहीत नव्हतं. पण एक आठवलं. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला मी त्यांना चांगलं लुगडं घेतलं होतं, पिवळं, लाल काठाचं. त्यांनी हात लावला आणि परत घडीत ठेवलं. मी ते दहा जणींना सांगत फिरले, म्हातारीचा तोरा पाहा.

"ते माझ्यापाशी आहे," सुशीला म्हणाली. "मले देऊन टाकलं. म्हणे, हा रंग माह्या डोयापुढं नको. मीबी कधी नेसली नाही."

"आण," मी म्हटलं.

ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. लुगडं कोरंच होतं, घड्यांवर रंग फिका पडलेला. मी उभी राहिले. नऊवारी नेसून कित्येक वर्षं झाली होती आणि निऱ्या सुटत होत्या. सुशीलाने माझ्या हातातून त्या घेतल्या. खाली बसून एकेक निरी जमवली, खोचली. तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं आणि बराच वेळ तिने ते वर केलं नाही.

मग म्हणाली, "सैल ठेवते, वहिनी. पोट अजून दुखत असंन."